‘उतरवा’ म्हणणाऱ्याचं ऐका

आमच्या गोविंदा पथकाचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद यांना,

सप्रेम नमस्कार.

गुरुपौर्णिमेला नारळ फुटला आणि सराव सुरू झाला. नारळ फोडायला पुन्हा तेच प्रशिक्षक पुढे आले. त्यांची नेमणूक बैठकीत कशी झाली ते मी विचारलं, तर कळलं की इतिवृत्तात दोनच शब्द आहेत: ‘गेल्या वर्षीप्रमाणेच’. गेल्या वर्षी काय झालं ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही हे दोन शब्द लिहिताना कोणाचा हात अडखळला नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

उघड लिहिण्याची हौस नाही. गोपाळकाल्यानंतर आठ दिवसांनी मी सचिवांना भेटलो. ते म्हणाले, “काका, गणपती होऊ द्या, मग बसू.” गणपती झाले. मग नवरात्र, मग दिवाळी. संक्रांतीला तिळगूळ देताना मी पुन्हा विषय काढला, तेव्हा “आता सराव सुरू झाला की बोलू” असं उत्तर मिळालं. सराव सुरू झाला आणि नेमणूकही झाली. बसायचं तेवढं राहिलं.

मी कोण, हे नव्या मुलांना माहीत नसेल. १९९१ ते २००८ अशी सतरा वर्षं मी या पथकाच्या पायथ्याला उभा होतो. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा उतरलेला आहे. शर्ट शिवायला टाकला की शिंपी दर वेळी विचारतो आणि मी दर वेळी वेगळं कारण सांगतो. आजचे प्रशिक्षक माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. ते पहिल्यांदा चढले ते माझ्याच खांद्यावर पाय देऊन. माझा मुलगा गेली तीन वर्षं चौथ्या थराला असतो. हे पत्र वाचून तो काही दिवस माझ्याशी बोलणार नाही, कारण तो प्रशिक्षकांच्या बाजूचा आहे. त्याचं मी पुढे सांगतो.

आधी त्या संध्याकाळचं. १६ ऑगस्ट २०२५. पाऊस सकाळपासून थांबायला तयार नव्हता. ठाण्यात कोकण नगरच्या पथकाने दहा थर लावल्याची बातमी फोनवरून आपल्या ट्रकपर्यंत पोहोचली. पोरं नाचली आणि मीही टाळ्या वाजवल्या. याच ठाण्यात २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा विक्रम केला होता. तेव्हा आम्ही म्हणालो होतो की याच्या वर आता माणूस जात नाही. माणूस गेला, आनंदच आहे. पण ती बातमी ऐकल्यावर आपल्या प्रशिक्षकांचा चेहरा बदलला. आपलं पथक आठ थरांचं. त्या दिवशी सकाळी सात थरांच्या दोन सलाम्या स्वच्छ झाल्या होत्या. आठाचा प्रयत्न दोनदा सहाव्या थरावरून उतरवावा लागला होता. पोरांच्या पोटात दुपारचा वडापाव आणि अंगावर दिवसभराचं पाणी. संध्याकाळी सातला तिसरा प्रयत्न लावला गेला.

पाचवा थर उभा राहताना पायथ्याच्या डाव्या बाजूचा मुलगा ओरडला, “उतरवा!” मी घेऱ्यात, म्हणजे पायथ्याला बाहेरून टेकू देणाऱ्या गर्दीत, त्याच्या मागे दोन माणसं सोडून उभा होतो. मी ऐकलं, माझ्या शेजारच्यांनीही ऐकलं. प्रशिक्षकांनीसुद्धा ऐकलं, कारण त्यांनी माईकवरून त्याला उत्तर दिलं. ते उत्तर मी इथे लिहीत नाही, कारण पत्र बायाबापड्याही वाचतील. त्यातला लिहिता येण्यासारखा भाग एवढाच, की “रडायचं असेल तर घरी जाऊन आईजवळ रड.” गर्दी हसली. तो मुलगा गप्प झाला. त्यानंतर मी मनातल्या मनात वीस आकडेही मोजले नसतील, तोच थर कोसळला.

त्याचं कॉलरबोन मोडलं. तिसऱ्या थरातल्या एकाचं मनगट गेलं. एक्का, म्हणजे सगळ्यात वर चढणारा पोरगा, दोरीला होता म्हणून वाचला. त्या दिवशी मुंबईत शेकडो गोविंदा जखमी झाले, त्यांत आपलेही दोन. पडणं आपल्याला नवीन नाही. पडण्याबद्दल मी एक ओळही लिहिली नसती. मी लिहितोय ते नंतर ट्रकमध्ये जे झालं त्याबद्दल. प्रशिक्षक ट्रकच्या फाळक्यावर उभे राहून म्हणाले, “एकाच्या कच्चेपणामुळे आज दीडशे जणांची मेहनत पाण्यात गेली.” त्यांनी त्या मुलाचं नावही घेतलं. तो तेव्हा रुग्णालयात एक्स-रेच्या रांगेत होता.

ज्यांनी कधी थराखाली खांदा दिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पायथ्याला उभ्या असलेल्याला वरचं काही दिसत नाही. मान खाली, हात शेजाऱ्याच्या खांद्यावर, डोळ्यांसमोर कोणाची तरी भिजलेली पाठ. वर किती थर लागले ते खांद्यालाच कळतं. तिसरा उभा राहिला की श्वास आखूड होतो. पाचवा उभा राहताना वजन एका जागी थांबत नाही, ते सरकतं. ते कुठे सरकतंय हे फक्त खालच्याला कळतं. समोर उभं राहून शिट्टी वाजवणाऱ्याला ते दिसत नाही, मग तो कितीही हुशार असो. म्हणून खालून आलेला ‘उतरवा’ ही तक्रार नसते, ती खबर असते. ज्याला थर कळतात पण ही खबर ऐकायला येत नाही, त्याच्या हाती शिट्टी द्यावी का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता एक जुनी गोष्ट. ती मी आजपर्यंत कोणालाच सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही.

आपले जुने मास्तर तुमच्यापैकी निम्म्यांनी पाहिलेत. गिरणीत साचेखात्यात होते. ८२च्या संपानंतर काम गेलं, मग मंडईच्या तोंडाशी कांदेबटाटे विकायचे. पथकात आवाज कधी चढवला नाही. माईक तर त्यांनी हातातही धरला नसेल. गळ्यात दोरीला शिट्टी, आणि सराव संपला की आधी पायथ्याच्या पोरांना चहा आणि मग वरच्यांना. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. दुसऱ्या वाडीतून नवीन मुलगा आला तर आठवड्याभरात त्याच्या घरी कोण कोण आहे, कोण आजारी आहे, बहिणीचं लग्न ठरलंय की मोडलंय, हे मास्तरांना ठाऊक असायचं. आम्हाला वाटायचं म्हाताऱ्याला चौकश्यांची सवय आहे. आज वाटतं, कुठल्या खांद्यावर आधीच किती ओझं आहे ते त्यांना माहीत असणं गरजेचं होतं.

१९९७ साली परळच्या एका हंडीला आमचे सात थर लागत होते. सहावा उभा राहत होता. मी आदल्या रात्री रात्रपाळी केली होती आणि घरी कोणाला न सांगता तसाच आलो होतो. माझा गुडघा थरथरायला लागला. मी ओरडलोसुद्धा नाही, नुसतं पुटपुटलो, “उतरवा.” मास्तर तीन फुटांवर होते. एक शिट्टी झाली, मग दुसरी, आणि वरून एकेक करून पोरं उतरली, कोणाला खरचटलंही नाही. पंचवीस हजारांची हंडी दुसऱ्या पथकाने फोडली. ट्रकमध्ये सगळे चिडलेले. कोणीतरी विचारलंच, “कोण बोललं रे उतरवा?” मास्तर पुढे बसले होते. मागे न वळता म्हणाले, “मी. मला वाटलं, मी उतरवलं.”

पुढचे दोन महिने लोक मास्तर म्हातारे झाले, घाबरट झाले असं बोलत होते. मीही गप्प ऐकत होतो. त्यांनी मला एकट्यात गाठूनही कधी विषय काढला नाही, फक्त पुढच्या वर्षी गोपाळकाल्याच्या आदल्या दिवशी विचारलं, “आज कुठली पाळी?” २०११ साली मास्तर गेले. त्यांना खांदा द्यायला मी उजव्या बाजूला होतो, तेव्हाही मी कोणाला काही बोललो नाही. आज सांगतो. तो मी होतो.

त्या प्रसंगानंतर पथकात काय झालं ते मी पाहिलं आहे. पोरं खरं बोलायला लागली. कोणी सरावाआधीच सांगायचा, मास्तर, आज पाठ धरली आहे, मला मागे ठेवा. कोणी सांगायचा, माझं जमत नाही, त्याला पुढे घ्या. आणि त्याचा परिणाम असा, की पुढची पाच वर्षं आपल्या पथकात एकही हाड मोडलं नाही. तेव्हा न हेल्मेट होतं, न दोरी, न गादी.

आता माझ्या मुलाचं. गेल्या वर्षी घरी आल्यावर मी त्याला विचारलं, खालून आवाज आला होता, तुला ऐकू आला का? तो म्हणाला, “खालचे कच्चे होते.” हे वाक्य त्याचं नाही. तो आजवर कोणाला कच्चा म्हणणारा मुलगा नव्हता. पाण्याचे पाइप धरणाऱ्या लहान पोरांवर तो हल्ली खेकसतो, आणि तो खेकसतो तेव्हा मला प्रशिक्षकांचा आवाज ऐकू येतो, त्याच शिव्या, तोच हेल. शिवी थरासारखीच असते. वरचा खालच्याच्या खांद्यावर ठेवतो, तो त्याच्या खालच्याच्या. आपल्याकडे आता दुसऱ्या थराचा पायथ्यावर ओरडतो, पायथ्याचा घेऱ्यावर, आणि घेऱ्यातला चहावाल्या पोरावर. चहावाला पोऱ्या कोणावर ओरडत असेल ते त्याच्या घरच्यांना विचारा.

प्रशिक्षक वाईट माणूस आहेत असं मी म्हणत नाही. सातावरून आठावर आपल्याला त्यांनीच नेलं. थर कुठे झुकतोय ते त्यांना रस्त्याच्या पलीकडून कळतं, इतकी त्यांची नजर तयार आहे. पावसात, तापात, स्वतःच्या खिशातून रिक्षाचे पैसे देऊन ते सरावाला येतात. त्यांच्या जागी कोणाला आणायचं हेही मला सुचत नाही, हे कबूल करतो. पण ज्ञान आणि पोक्तपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही नेमणूक करताना एकच पाहिली.

आणखी काही तक्रारी आहेत.

एक्क्याचं वय कागदावर पंधरा आहे. चौदाच्या आतलं मूल चढवणार नाही असं सरकारने २०१७ साली उच्च न्यायालयात सांगितलं, त्यामुळे कागद ठीक आहे. पण गोपाळकाल्याच्या आधीचा आठवडाभर ‘वजन वाढतं’ म्हणून त्या पोराचं रात्रीचं जेवण बंद केलं जातं. त्याच्या आईने मला स्वतः सांगितलं. सरावाला तो हेल्मेट घालत नाही, कारण ‘सवय होते मग हंडीला भीती वाटते’ असलं काहीतरी अजब कारण त्याला सांगितलं आहे. सगळ्यात वर जाणाऱ्या, वयाने सगळ्यात लहान मुलाला आपण कसं वागवतो, याकडे कार्यकारिणीतल्या एकाने तरी लक्ष दिलं का?

दुसऱ्या पथकाचा थर कोसळला की आपल्या माईकवरून हुर्यो होतो. ही आपली रीत नव्हती. पूर्वी कोणाचाही थर डगमगला तर आपली पोरं घेऱ्यात धावायची, टी-शर्टचा रंग न बघता. मला इथे अजिंक्य रहाणे आठवतो. सप्टेंबर २०२२ मध्ये कोइम्बतूरला दुलीप करंडकाचा अंतिम सामना होता आणि रहाणे पश्चिम विभागाचा कर्णधार होता. यशस्वी जयस्वाल समोरच्या फलंदाजाला सारखं डिवचत होता. पंचांनी समज दिली, तरी थांबेना. रहाणेने आपल्याच खेळाडूला मैदानाबाहेर पाठवलं. आणि हा जयस्वाल कोण, तर त्याच सामन्यात २६५ धावा करून आलेला. दहा माणसांवर खेळायची वेळ आली तरी चालेल, पण समोरच्याचा अपमान माझ्या संघाकडून होणार नाही. पश्चिम विभागाने तो सामना जिंकलाही. पण आपल्या माईकवरून हुर्यो करणाऱ्याला आपल्यापैकी कोणी खाली उतरायला सांगितलं? मीसुद्धा नाही.

ग्रुपवर तीन मुलांनी विचारलं की जखमी मुलाच्या विम्याचं काय झालं. त्यांना ग्रुपमधून काढलं, आणि खाली निरोप आला, ‘ज्यांना शिस्त जमत नाही त्यांनी घरी बसावं.’ प्रश्न विचारणं ही बेशिस्त कधीपासून झाली? विम्याचे कागद मंडळाकडून उशिरा गेले ही गोष्ट खरी आहे. बाकी हिशेबाचं मी इथे काढत नाही, ते सभेत काढेन.

मुलींच्या पथकाला सरावासाठी मैदान रात्री दहानंतर मिळतं. का, ते कोणी सांगत नाही.

काही जण म्हणतील, हंडी आहे ही, भजनाचा कार्यक्रम नाही, थोडं ओरडावं लागतंच. त्यांना एक परदेशातली गोष्ट सांगतो. स्पेनमध्ये कॅटलोनिया नावाचा प्रांत आहे, तिथेही माणसांचे मनोरे रचतात. दोनशे वर्षांहून जुनी परंपरा, २०१० साली युनेस्कोच्या यादीतही गेली. मी तिथे गेलेलो नाही, फोनवर तासन्‌तास बघत बसतो, हा माझा निवृत्तीनंतरचा छंद. त्यांच्याकडे मनोरा नुसता चढून चालत नाही. वर पोचून तो कोसळला तर गुण कमी, आणि शेवटच्या माणसापर्यंत नीट उतरवला तर गुण जास्त. उतरवणं हा खेळाचा अर्धा भाग मानतात. आणि पायथ्यातल्यांना वरचं दिसत नाही म्हणून त्यांच्यासाठी सनईसारखं एक वाद्य वाजत असतं. सुरावरून खालच्याला कळतं की मनोरा आता कुठवर आला. म्हणजे बघा, तिथे संगीत गर्दीला नाचवायला नाही, खांदा देणाऱ्याला खबर द्यायला आहे. आपल्याकडे डीजेच्या आवाजात खालच्याची खबर वर जात नाही आणि वरची खाली येत नाही. एक लहान मुलगी २००६ साली पडून गेली, त्यानंतर त्यांनी वर चढणाऱ्या मुलांना हेल्मेट घातलं. हंडीत ते हेल्मेट आपणही आणलं, पण ते ट्रकच्या सीटखाली असतं.

२०२२ साली राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. गोविंदाला खेळाडू म्हणा, अशी आपलीच मागणी होती. मग खेळाडूला जे मिळायला हवं तेही द्या.

माझ्या मागण्या अशा.

‘उतरवा’ हा शब्द थरातल्या कोणाच्याही तोंडून आला, की शिट्टी झालीच पाहिजे. त्याच क्षणी, न विचारता. आणि नंतर ट्रकमध्ये, ग्रुपवर, चहाच्या टपरीवर, कुठेही ‘कोण बोललं’ हा प्रश्न विचारला जाणार नाही, असं प्रशिक्षकांनी सगळ्या मुलांसमोर सांगावं.

थर लागत असताना प्रशिक्षकांच्या हातात माईक नको. शिट्टी पुरे. पहिला थर बसला की डीजे बंद.

ज्या मुलाला ट्रकमध्ये नाव घेऊन कच्चा म्हटलं गेलं, त्याची माफी प्रशिक्षकांनी सरावाच्या मैदानावर मागावी. घरी जाऊन, पेढे देऊन नको. अपमान दीडशे जणांसमोर झाला होता.

या वर्षी थर चढवायचे की नाहीत आणि किती, हा निर्णय एकट्या प्रशिक्षकांचा नसावा. पायथ्यातल्या मुलांनी निवडलेले दोन जण सोबत असावेत, आणि त्या दोघांपैकी एकाचं ‘नाही’ पुरेसं असावं. हे प्रशिक्षकांना मान्य नसेल तर वर्षभर त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाताखाली काम करावं. त्यांची नजर पथकाला हवीच आहे.

एक्क्याला पोटभर जेवण. सरावातही हेल्मेट आणि दोरी. पहिल्या हंडीच्या आठ दिवस आधी प्रत्येक मुलाच्या हातात विम्याच्या कागदाची प्रत. मुलींना आठवड्यातून तीन दिवस आठ ते दहा मैदान.

आणि काढलेली तिन्ही मुलं ग्रुपमध्ये परत.

यातलं काहीच झालं नाही तर मी काय करणार, असं कोणीतरी विचारेल. मी काही करणार नाही. मी मुलाला चढू नको म्हणणार नाही, तो ऐकणारही नाही. शनिवारी रात्री नऊला सराव आहे. मी नेहमीसारखा डाव्या बाजूला घेऱ्यात उभा असेन. कॉलरबोन जुळलेला तो मुलगाही येतो आहे. डॉक्टरांनी खांदा द्यायला मनाई केली आहे, म्हणून तो पाण्याचा पाइप धरणार आहे.

उत्तर द्याल तेव्हा ते नोटीस बोर्डावर लावा. ग्रुपवर टाकलंत तर त्या तिघांना दिसणार नाही.

आपला,
पायथ्याचा एक जुना गोविंदा